दादासाहेबांची दहा मागण्यांची सनद आणि आपल्या गायरानाचा सातबारा

दरवर्षी १५ ऑक्टोबरला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची जयंती येते आणि २९ डिसेंबरला स्मृतिदिन येतो. वस्तीवस्तीत प्रतिमेला हार घातला जातो, दोन-चार भाषणे होतात, चहा होतो आणि कार्यक्रम संपतो. आमच्या परभणी जिल्ह्यातही हेच होते. वक्ते सांगतात की दादासाहेब बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी होते, काळाराम मंदिर सत्याग्रहाचे शिलेदार होते, साधे होते, धोतर नेसत होते. हे सगळे खरे आहे. परंतु दादासाहेब ११ वर्षे भारताच्या संसदेचे सदस्य होते आणि त्या ११ वर्षांत त्यांनी खासदारकीचा उपयोग कसा केला, हे मात्र फार थोडे लोक सांगतात. आज खासदार म्हटले की निधी, उद्घाटन, टोलनाक्यावरची गाडी आणि वाढदिवसाचे फलक एवढेच आपल्या तरुणांना दिसते. म्हणून दादासाहेबांच्या खासदारकीचा हिशेब नव्याने मांडणे आम्हाला गरजेचे वाटते. हा हिशेब जुना नाही. तो आजही जिंतूर, गंगाखेड, पालम, सेलू इथल्या तहसील कार्यालयात पडून आहे.

आंबे गावातून दिल्लीपर्यंत

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी झाला. त्यांच्या नावापुढे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांचे विद्यापीठ म्हणजे चळवळ, आणि गुरू बाबासाहेब. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस म्हणून भाऊरावांनी ती लढाई गावोगावच्या माणसांच्या बळावर वर्षानुवर्षे चालवली. माणसे जमवणे, त्यांच्या भाकरीची सोय करणे, मार खाल्लेल्यांना दवाखान्यात नेणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी जाऊन धीर देणे, ही सगळी कामे त्यात आली. ज्याने एवढे केले त्याला संघटना म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी भाऊरावांना मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह थांबवण्याविषयी लिहिले. मंदिरात गेल्याने आपला प्रश्न सुटणार नाही, आपली शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळली पाहिजे, असा त्या पत्राचा आशय होता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. देवळाच्या दारात चार-पाच वर्षे झगडलेल्या माणसाने त्या दाराकडे पाठ फिरवली आणि सत्तेच्या दाराकडे तोंड केले. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे भाऊराव मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्याच सभागृहात १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. जातीच्या प्रश्नाचे मूळ जमिनीत किती खोल गेले आहे, हे दादासाहेबांनी तिथे जवळून पाहिले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले होते. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेतजमीन राष्ट्राच्या मालकीची करून ती सामुदायिक पद्धतीने कसण्यास द्यावी, अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. राज्यघटनेने मताचा हक्क दिला, समतेचा हक्क दिला, अस्पृश्यता नष्ट केली. पण गावकुसाबाहेरच्या माणसाच्या नावावर एक गुंठाही जमीन झाली नाही. बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांतली हीच मोठी खंत होती. शिकलेले नोकरीला लागले, खेड्यातला मजूर मात्र तिथेच राहिला. ती खंत दादासाहेबांनी आपली कामगिरी मानली.

१९५७ ची निवडणूक आणि धोतराचा वाद

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि अवघ्या काही महिन्यांत लोकसभेची दुसरी निवडणूक आली. समाज शोकात बुडालेला होता. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. या निवडणुकीत नाशिकहून दादासाहेब, कोपरगावहून बी. सी. कांबळे, मुंबईहून जी. के. माने, चिकोडीहून दत्ता कट्टी आणि आमच्या शेजारच्या नांदेडहून हरिहरराव सोनुले लोकसभेत गेले. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ लाच हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. निजामी राजवटीतून बाहेर पडून ९ वर्षेही झाली नव्हती. अशा वेळी नांदेडसारख्या भागातून फेडरेशनचा माणूस दिल्लीला गेला, हे आजच्या आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. आपण मराठवाड्यात कधी निवडूनच येऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना इतिहास ठाऊक नाही.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. पक्ष नीट उभा राहण्याआधीच त्यात भांडण सुरू झाले. एका बाजूला वकील आणि पदवीधर, दुसऱ्या बाजूला दादासाहेब. धोतरवाले आणि पाटलोणवाले, अशी त्या भांडणाला नावे पडली. पदवी नसलेल्या, खेडवळ बोलणाऱ्या माणसाच्या मागे आपण का जावे, असे काहींना वाटले. भूमिहीनांच्या लढ्यात डाव्या पक्षांबरोबर जाणे म्हणजे बाबासाहेबांचा मार्ग सोडणे, असेही म्हटले गेले. आम्ही स्वतः वकील आहोत, म्हणून हे आम्ही मुद्दाम लिहितो. कायद्याचे ज्ञान असणे ही चांगली गोष्ट आहे. पण घटनेचे कलम पाठ असणाऱ्याला शेतमजुराच्या पोटाची कळ आपोआप कळत नाही. दादासाहेबांना ती कळत होती, कारण ते त्याच पंगतीतून आले होते. आणि बी. सी. कांबळे यांच्यासारख्यांचा घटनात्मक मार्गाचा आग्रहही टाकाऊ नव्हता. दोन्ही बाजू एकत्र राहिल्या असत्या तर सत्याग्रहाने उठवलेला प्रश्न कायद्याच्या भाषेत सभागृहात सतत लढवता आला असता. ते झाले नाही, याची किंमत भूमिहीनाने मोजली.

सभागृहातला माणूस तुरुंगात

मराठवाड्यात पडीत आणि गायरान जमिनीचा लढा दादासाहेब खासदार होण्याआधीच सुरू झाला होता. १९५३ साली, हैदराबाद राज्य असताना, भाऊसाहेब मोरे यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन दलितांनी सरकारी पडीत जमिनी कसायला घेतल्या आणि शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले. म्हणजे या लढ्याचे बी आपल्याच मातीत पडले होते. १९५९ साली दादासाहेबांनी मराठवाडा आणि खानदेशात मोठा भूमिहीन सत्याग्रह उभा केला. खासदार असलेला माणूस दिल्लीतल्या बंगल्यात न बसता खेड्यापाड्यात फिरत होता आणि सांगत होता की सरकारची पडीत जमीन कसण्याचा पहिला हक्क ज्याला जमीनच नाही त्याचा आहे.

१९६२ च्या निवडणुकीत नाशिकची जागा काँग्रेसकडे गेली. दादासाहेब त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्यसभेवर गेले आणि १९६८ पर्यंत तिथे राहिले. राज्यसभेला ज्येष्ठांचे सभागृह म्हणतात. तिथे गेलेला माणूस शांत होतो, असा अनुभव आहे. दादासाहेबांचा सर्वांत मोठा लढा मात्र याच काळातला आहे.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांची सनद दिली. त्या मागण्या आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे. कसणाऱ्याला जमीन द्यावी. पडीत जमिनी भूमिहीनांना द्याव्यात. धान्याचे भाव आटोक्यात ठेवून ते गरिबांना पुरवावे. झोपडपट्टीतल्या लोकांची स्थिती सुधारावी. १९४८ चा किमान वेतन कायदा पूर्णपणे अमलात आणावा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती द्याव्यात. दलितांचा छळ थांबवावा. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याचा न्याय मिळावा. आणि राखीव नोकऱ्यांची भरती १९७० पर्यंत पूर्ण करावी.

दोन महिने वाट पाहिली. उत्तर आले नाही. ६ डिसेंबर १९६४ ला, महापरिनिर्वाण दिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत चालला. तीन लाखांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले, असे पक्षाने सांगितले. बाया लेकरांना कडेवर घेऊन अटक करवून घेत होत्या. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या दादासाहेबांच्या सहकारी या फळीत होत्या. त्या पुढे विधान परिषदेच्या सदस्य झाल्या. त्या दिवसांत रोज मजुरी केली तरच चूल पेटणाऱ्या घरातून माणूस महिनाभर तुरुंगात जात होता. मागे घरी काय शिजले असेल, याचा विचार करावा. पुढाऱ्यासाठी ही माणसे गेली नाहीत. आपल्याला एकर-दोन एकर मिळेल, लेकरे सालगडी होणार नाहीत, या आशेने गेली. पंतप्रधानांना पक्षाच्या नेत्यांशी बोलावे लागले आणि सत्याग्रह मागे घेतला गेला.

नंतरच्या काळात दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला. १९६७ च्या सुमाराची ही गोष्ट. त्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. आम्हाला ती टीका अनाठायी वाटत नाही. रस्त्यावर मिळवलेली ताकद तडजोडीच्या टेबलावर पातळ होते, हे आपण तेव्हापासून अनेकदा पाहिले. एवढेच म्हणावेसे वाटते, की दादासाहेबांनी तडजोड केली तेव्हा त्यांच्या मागे तुरुंग भोगलेले लाखो लोक होते. पुढच्या अनेकांनी ज्या तडजोडी केल्या त्यांच्या मागे एखाद्या महामंडळाखेरीज काहीच नव्हते. १९६८ साली दादासाहेबांना पद्मश्री मिळाली आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

दहापैकी काय मिळाले?

आता त्या सनदेचा हिशेब करू. पहिली मागणी तैलचित्राची. ते १२ एप्रिल १९९० रोजी, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना, मध्यवर्ती सभागृहात लागले. मागणीनंतर २५ वर्षे उलटून गेली होती. त्याच वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जाही १९९० सालीच मिळाला. महाराष्ट्रात राज्याच्या सवलती १९६० पासून होत्या. अस्पृश्यता गुन्हे कायद्याच्या जागी नागरी हक्क संरक्षण कायदा आला आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. तो किती राबतो हे जिल्ह्यातल्या प्रत्येक वकिलाला माहीत आहे, पण कायदा तरी आहे.

आणि जमीन? कसणाऱ्याला जमीन आणि पडीत जमीन भूमिहीनांना, या दोन मागण्या जिथल्या तिथे आहेत. कमाल जमीन धारणा कायदा १९६१ साली झाला, पण बड्या घरांनी आपल्या जमिनी नातेवाइकांच्या आणि गड्यांच्या नावावर वाटून कायद्याला बगल दिली. म्हणजे ज्या मागण्यांना सरकारच्या तिजोरीतून आणि बड्यांच्या शिवारातून काही द्यावे लागत नव्हते, त्या उशिरा का होईना मान्य झाल्या. ज्यात गावाच्या शिवाराची वाटणी बदलणार होती, त्या मागण्या फाईलमध्ये राहिल्या. तैलचित्र लागले, सातबारा आला नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. फ्रान्सने २७ एप्रिल १८४८ रोजी आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. दुसऱ्याच वर्षी फ्रान्सच्या संसदेने नुकसानभरपाईचा कायदा केला. कोणाला भरपाई? गुलामांच्या मालकांना. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या उसाच्या मळ्यात फटके खाल्ले, त्यांना ना पैसा मिळाला ना मळ्यातली जमीन. सुटलेला गुलाम पुन्हा त्याच मळ्यात मजूर म्हणून गेला. पुढे दीडशे वर्षांनी फ्रेंच गयानाच्या खासदार क्रिस्तियान तोबिरा यांनी फ्रान्सच्या संसदेत गुलामगिरीला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवणारे विधेयक आणले. तोबिरा स्वतः गुलामांच्या वंशातल्या, १९९३ साली संसदेत गेलेल्या आणि २०१२ साली देशाच्या न्यायमंत्री झालेल्या. त्यांचे विधेयक २१ मे २००१ रोजी कायदा झाले आणि त्यांच्या नावानेच ओळखले जाते. पण मूळ मसुद्यात नुकसानीचा आणि भरपाईचा विचार करण्यासाठी समितीची जी तरतूद होती, ती कायदा होता होता गळली. गुन्हा मान्य झाला, भरपाई राहिली. नाशिकच्या धोतरातल्या खासदाराचा आणि गयानाच्या या खासदार बाईंचा अनुभव इतका सारखा आहे, की आपण एकटे नाही याचा धीर येतो. सत्ताधारी वर्गाला सन्मान देणे जड जात नाही. जमिनीत वाटा द्यायची वेळ आली की त्याचा हात आखडतो.

आपल्या जिल्ह्यातले गायरान

आता परभणी जिल्ह्याकडे येऊ. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या काठची काळी जमीन इथे आहे, जायकवाडीचा डावा कालवा आहे, कृषी विद्यापीठ आहे. तरी दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. पोरांची शाळा सुटते. ज्यांच्या नावावर जमीन नाही, ते यात सर्वांत पुढे असतात. आणि याच गावांत दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांपासून गायरानाचा तुकडा कसणारी बौद्ध, मातंग आणि भटक्या-विमुक्तांची घरे आहेत. दगड वेचून, बांध घालून त्यांनी ती जमीन वहितीखाली आणली. कागदावर ते अजून अतिक्रमणदार आहेत.

राज्य शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय काढला. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर शेतीसाठी झालेली भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करावीत, असे त्यात ठरले. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची ती तारीख होती. त्यानुसार काहींना जमीन मिळाली, भोगवटादार वर्ग २ म्हणून सातबारावर नाव आले. पण बऱ्याच गावांत हे काम झालेच नाही. कारण उघड आहे. पंचनामा करणारा तलाठी गावातच राहणारा, पंच म्हणून सही करणारे गावातले बडे, आणि गायरान हे आपल्या गुरांचे आहे असे मानणारे तेच. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात बौद्ध वस्त्या जाळल्या गेल्या. त्या आगीमागे विद्यापीठाचे नाव होतेच. पण कालपर्यंत सालाने राहणारा माणूस आज स्वतःचे पीक काढतो, बलुत्याची कामे नाकारतो, हा रागही होता. हे विसरून चालणार नाही.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनाने गायरानाबाबत कडक निर्णय काढला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून हा प्रश्न हाती घेतला आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. आता कोणीही अधिकारी भूमिहीनाला सांगतो, की सुप्रीम कोर्टाचाच आदेश आहे, आम्ही काय करणार? त्या निकालाचे पान त्याने उघडलेले नसते.

आम्ही वाचकांना तो निकाल नीट समजावून सांगू इच्छितो. त्या खटल्यात पंजाबमधल्या एका गावच्या तळ्याची जागा भरून तिच्यावर घरे बांधणारे लोक होते. सर्वोच्च न्यायालयाचा रोष पैशाच्या आणि दांडगाईच्या बळावर गावाची जागा गिळणाऱ्यांवर होता. आणि त्याच निकालात न्यायालयाने अपवाद सांगितला आहे: शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जमीन पट्ट्याने दिलेली असेल, किंवा तिथे शाळा-दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय असेल, तर नियमितीकरण होऊ शकते. म्हणजे ज्या निकालाची भीती दाखवली जाते, त्याच निकालात भूमिहीनासाठी दार ठेवलेले आहे. १९९१ च्या शासन निर्णयाखाली पात्र असूनही ज्यांची प्रकरणे तहसीलनेच रखडवली, त्यांना सरसकट अतिक्रमणदार म्हणणे आमच्या मते न्यायाला धरून नाही. शासनाने स्वतःच्या निर्णयाची अंमलबजावणी केली नाही, आणि त्याची शिक्षा मात्र कसणाऱ्याला द्यायची, हा कुठला कायदा?

यात आणखी एक नवे संकट आहे. २०२३ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली आणि सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी, गायरानेही, देण्यात येऊ लागली. सौर वीज आम्हालाही हवी. परंतु ज्या गायरानाचा एक एकर भूमिहीनाला द्यायचा तर गुरांच्या चराईचा प्रश्न उभा राहतो, तेच गायरान प्रकल्पाला देताना गुरे कुठे जातात, हे कोणी सांगत नाही.

दादासाहेबांच्या नावाने शासनाची योजनाही आहे. २००४ सालापासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना चालू आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन खरेदी करून द्यायची, अशी ती योजना. आधी अर्धे अनुदान आणि अर्धे बिनव्याजी कर्ज होते. २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले. योजना चांगली आहे. पण जमीन विकणारा शासनाच्या दरात विकायला तयार हवा, आणि दलिताला जमीन विकायला गावाचा विरोध नको. या दोन अटी जिथे जुळत नाहीत तिथे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात. दादासाहेबांनी सरकारच्या हातात असलेली पडीत जमीन मागितली होती. त्यांच्या नावाच्या योजनेत सरकार खाजगी मालकाच्या दारात ग्राहक म्हणून उभे राहते, आणि आपल्या हातातली जमीन कसणाऱ्याला मात्र नोटीस देते.

कागद सांभाळा, एकत्र या

आमच्याकडे गायरानधारक येतात तेव्हा पिशवीत जपून ठेवलेले कागद काढतात. दंडाची पावती, जुना पंचनामा, बापाच्या नावाची नोटीस. अनेकांना वाटते, दंडाची पावती म्हणजे आपल्या गुन्ह्याचा पुरावा, ती दाखवू नये. उलट आहे. ती पावती म्हणजे त्या तारखेला तुमचा बाप ती जमीन कसत होता, याची सरकारनेच दिलेली कबुली आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची प्रत्येक पावती सोन्यासारखी जपा. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही तलाठ्याकडे असते; त्यात आपली नोंद आहे का, हे माहिती अधिकारात नक्कल मागून तपासा. नोटीस आली तर ती फाडून फेकू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ५० अतिक्रमण काढण्याचे आहे, तसे कलम ५१ नियमित करण्याचेही आहे. उत्तरात १९९१ च्या शासन निर्णयाचा, या कलमाचा आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या अपवादाचा उल्लेख जरूर करा. एकट्याने जाऊ नका. गावातले सगळे गायरानधारक, मग ते बौद्ध असोत, मातंग असोत, वडार असोत की पारधी, एका अर्जावर सह्या करून जा. दादासाहेबांचा सत्याग्रह भूमिहीनांचा होता, एका जातीचा नव्हता.

आणि राजकारणाचे काय? १९९८ साली महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचे चार नेते, प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले, एकाच वेळी लोकसभेत गेले, तेही सर्वसाधारण जागांवरून. ऐक्य झाले की काय होते हे समाजाने पाहिले आणि ऐक्य मोडले की काय होते हेही पाहिले. आता प्रत्येक निवडणुकीत आपल्या वस्तीत उमेदवार येतात. कोणी विहाराला सभामंडप देतो म्हणतो, कोणी कमान देतो. ते घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याला एवढे विचारा, की तू निवडून आल्यावर सभागृहात गायरानाचा प्रश्न विचारणार का? जिल्ह्यात १९९१ च्या निर्णयाखाली किती प्रकरणे आली, किती मंजूर झाली, किती पडून आहेत, याचे उत्तर मंत्र्याकडून लेखी घेणार का? हे काम खासदाराचे आणि आमदाराचे आहे. त्यासाठी त्याला पगार मिळतो.

पदवी नसलेला, धोतर नेसणारा एक माणूस ११ वर्षे दिल्लीत बसला, पण त्याचे मन आंबे गावच्या बांधावरून कधी हलले नाही. त्याने मागितलेले तैलचित्र आज संसदेत आहे. त्याने मागितलेली जमीन अजून बाकी आहे. येत्या स्मृतिदिनी प्रत्येक गावात दादासाहेबांच्या प्रतिमेला हार घालावा आणि त्याच सभेत गायरानधारकांची यादी करावी. नाव, गट नंबर, किती वर्षांपासून कसतो, कोणता कागद आहे, एवढे चार रकाने पुरेत. दुसऱ्या दिवशी ती यादी घेऊन तहसीलला जावे आणि पोच घेऊन यावे.

जयभीम!